पाठीवरचा तळहात

३ मार्च, सोमवार

आज पिस्तूल हातात घेतलं. पोलिसात अठरा वर्षं काढल्यावर हे वाक्य लिहिताना लाज वाटायला हवी, पण हसूच येतंय. भरतीच्या वेळी रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यातली एक शेजारणीच्या टार्गेटला लागली आणि तिचे मार्क वाढले. त्यानंतर नियंत्रण कक्षात फोनपाशी बसले ती बसलेच. कानाला हेडफोन, समोर नकाशा. “घाबरू नका, लाईन सोडू नका, माणसं पोहोचताहेत.” हे मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन याला गणती नाही. माणसं पोहोचली की नाही ते मात्र आम्हाला कोणी सांगत नाही. लाईन बंद झाली की आमचं काम संपलं, लगेच पुढचा फोन.

गस्तीच्या गाडीवर बदली मागितली तेव्हा साहेब म्हणाले, “पिस्तुलाची परीक्षा द्या. पन्नास गोळ्या, चाळीस लागायला हव्यात. आणि वयाची चव्वेचाळीस पूर्ण व्हायच्या आत.” माझी ऑगस्टमध्ये होतात. परीक्षा वर्षातून एकदाच, यंदा चार एप्रिलला. म्हणजे हीच पहिली आणि शेवटची. नापास झाले तर निवृत्तीपर्यंत तीच खुर्ची.

रेंज शहराबाहेर आहे. तीन बाजूंना मातीचा उंच बांध, चौथ्या बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सहा लेन. शिकवणारे उस्ताद बुटके आहेत, मिशा पांढऱ्या, वय सत्तावन्न. नाव कोणाचंच घेत नाहीत, लेनच्या नंबराने हाक मारतात. मी चार नंबर. पाच नंबर म्हणजे वाहतूक शाखेचा एक जाडजूड हवालदार, त्याला सगळे शिट्टी म्हणतात. शिट्टीने पहिल्याच तासाला मला माहिती पुरवली, “ताई, उस्तादांना मागून सगळे भिंत म्हणतात. बोलायला गेलात की तुमचं बोलणं तुम्हालाच परत मिळतं.”

४ मार्च, मंगळवार

दुपारी सही करायला ऑफिसात गेले. टेबलावर फोन वाजत होता आणि हातभर अंतरावर उस्ताद वर्तमानपत्र वाचत चहा पीत होते. पाच रिंगा झाल्या, सहा, सात. मी अठरा वर्षांत चौथी रिंग होऊ दिली नाही. अंगाची नुसती लाहीलाही झाली. आठव्या रिंगला मीच उचलला. शस्त्रागारातून विचारत होते, काडतुसं कधी पाठवू.

उस्तादांनी वर पाहिलं, माझ्या हातातला फोन पाहिला आणि विचारलं, “कोण?” इतक्या मोठ्याने, की फोन हातातून पडता पडता वाचला. माज म्हणतात तो हाच असावा. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “फोन न उचलणारा माणूस सुखी असतो. तू त्याच्याकडून नेमबाजीबरोबर तेही शीक.”

७ मार्च, शुक्रवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून ठेवते, उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

पहिल्यांदा खऱ्या गोळ्या मिळाल्या. सगळ्यांच्या कानांवर जाड टोपणं. उस्ताद तसेच, उघड्या कानांनी. छातीचा माणूस आहे, नाही म्हणायला जागा नाही. त्यांचा मदतनीस हवालदार उंच स्टुलावर उभा राहून निशाणं दाखवतो. हिरवं म्हणजे झाडा, लाल म्हणजे थांबा. आणि उस्ताद एकेका लेनमागे जातात, नेम धरणाऱ्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, उजवा तळहात सपाट ठेवतात. दाबत नाहीत, धरत नाहीत. नुसता ठेवतात.

माझ्या मागे आले. तळहात टेकला. मी चाप ओढला. आवाज झाला, हात वर उडाला. टार्गेट, म्हणजे माणसाचं चित्र काढलेला कागद, वीस पावलांवर होतं आणि मला तर भोक दिसतही नव्हतं. उस्तादांनी तिकडे मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, “खाली, डावीकडे. कमरेच्या बाहेर.” दुसरी झाडली. “खाली, डावीकडे. थोडी आत.” अशा पाचही सांगितल्या. नंतर कागद जवळ आणला तर पाचच्या पाच त्यांनी सांगितल्या तिथेच. शिट्टीची एक उजव्या कानाजवळ लागली होती, तीही त्यांनी आधीच सांगितली होती.

माझी पाठ वाचून गोळी कुठे गेली हे या माणसाला कळतं. दिवसभर माझी पाठ मलाच परक्यासारखी वाटतेय.

११ मार्च, मंगळवार

पन्नासात चौदा. आता कारणही कळलं.

आज मॅगझिन उस्तादांनी स्वतः भरलं, मला पाठ फिरवायला लावून. म्हणाले, “यात काही गोळ्या खोट्या आहेत. कुठल्या ते सांगणार नाही.” पहिली सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसती टिक. आणि त्या टिकबरोबर पिस्तुलाचं तोंड असं खाली गेलं, जसं कोणी वरून चापट मारली. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. तरी मी दचकले होते, आवाजाच्या आधीच.

“दिसलं?” ते म्हणाले. “गोळी तुमचा नेम बिघडवत नाही. गोळीची वाट बघणं बिघडवतं.”

 मी कशाची वाट बघते ते मला माहीत आहे, आणि इथे लिहायलाही वर्ष लागलं. गेल्या वर्षी भर दुपारी एका बाईचा फोन आला होता. कुजबुजत होती. तो बाहेर आहे, दार लावलंय, लवकर या. मी पत्ता घेतला, गाडी पाठवली, तिला सांगितलं की बोलू नका, नुसती लाईन चालू ठेवा. गाडीला बावीस मिनिटं लागली. अठराव्या मिनिटाला दोन धडाके ऐकू आले आणि लाईन बंद झाली. दार असेल, दुसरं काही असेल. मी कधी विचारलं नाही. फाईल कुठे असते ते माहीत आहे, पण तिथवर पाय गेले नाहीत. बदलीच्या अर्जात मात्र लिहिलं, “अनुभवात भर पडावी म्हणून.”

१३ मार्च, गुरुवार

पिस्तूल घरी आणता येत नाही, म्हणून इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली. तिचाही चाप ओढावा लागतो. उस्ताद म्हणतात बोट इतकं सावकाश यायला हवं की आपल्यालाही कळू नये. लेकीने बाटलीच्या तोंडावर नाणं ठेवलं, ते पडता कामा नये आणि फवारा उडता कामा नये. सतरा वेळा नाणं पडलं. अठराव्यांदा नाणं राहिलं पण फवारा सगळा नवऱ्याच्या चष्म्यावर. तो शांतपणे म्हणाला, “खाली, डावीकडे,” आणि चष्मा पुसत निघून गेला. लेक जमिनीवर लोळून हसत होती.

१७ मार्च, सोमवार

आज दोन गोष्टी घोटून घेतल्या, शंभरेक वेळा तरी.

एक, पिस्तूल अडकलं तर काय करायचं. ठोका, ओढा, झाडा. डाव्या हाताने मॅगझिन खालून ठोकायचं, वरचा सरकता भाग मागे ओढून सोडायचा, म्हणजे अडकलेलं काडतूस उडून नवं आत येतं, आणि लगेच पुढची गोळी. विचार करायचा नाही. उस्ताद म्हणाले, “विचार करणारा माणूस त्या वेळी मेलेला असतो.” शिट्टी यात पटाईत निघाला. चौकात वीस वर्षं हातवारे केल्याचा फायदा, तो म्हणतो.

दुसरी, पाठीवरचा हात. एरवी तळहात नुसता टेकलेला असतो. तो दाबला गेला की बोट चापावरून बाहेर, त्याच क्षणी, मग हिरवं निशाण असो नाहीतर आभाळ कोसळो. आम्ही नेम धरून उभे आणि उस्ताद कधीही, कोणाच्याही मागे येऊन दाबणार. संध्याकाळपर्यंत सहाही जणांची बोटं आपोआप उचलली जायला लागली. दुसऱ्या कुठल्याही रेंजवर असं करत नाहीत म्हणे. बाकीचे ओरडतात.

२० मार्च, गुरुवार

सव्वीस लागल्या. मनापासून वाटलं म्हणून सुटी झाल्यावर गेटकडे चाललेल्या उस्तादांच्या मागून गेले आणि म्हटलं, “उस्ताद, तुमच्यामुळे जमायला लागलंय.” ते वळलेही नाहीत. आणखी एकदा म्हटलं, जरा मोठ्याने. तसेच चालत राहिले. अपमान म्हणजे किती. समोरून बोललं की मात्र टक लावून तोंडाकडे बघत राहतात, जसा काही माझ्या दातात घास अडकलाय. बाईमाणूस फोन सोडून पिस्तूल धरतंय हे काहींना रुचत नाही, त्यातलेच असतील. एवढा थोर हात आणि मन एवढंसं. वाईट वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

मागच्या गुरुवारचं खोडणार नाही, पण त्याच्याखाली हेही असू दे.

आज उस्तादांनी स्वतः गोळ्या झाडल्या. पाच. पाचव्यानंतर कागद आणला तर मधे एकच भोक होतं, अंगठ्याएवढं, कडा जरा फाटलेल्या.  शिट्टीने त्यातून करंगळी घालून पाहिली. मग उस्तादांनी मला पुढे बोलावलं आणि पाठ माझ्याकडे केली. “हात ठेवा.”

मी तळहात ठेवला. सदऱ्याखाली हाडं लागली, म्हाताऱ्या माणसाची. श्वास आत गेला, अर्धा बाहेर आला आणि थांबला. मी वाट बघत राहिले. गोळी सुटली तेव्हा मी दचकले, ते दचकले नाहीत. त्या पाठीत काहीच हललं नाही. आवाजाच्या आधी नाही, नंतर नाही. पाणी भरलेली घागर ठेवली असती तर थेंब सांडला नसता. मी देवळात फारशी जात नाही, पण तिथे लोकांना जे होत असेल ते मला पत्र्याच्या शेडमध्ये झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवलंही नाही.

ते वळल्यावर विचारलं, “असं कसं जमतं?” त्यांनी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “आवाज तुमच्यासाठी नसतोच. तो गोळीमागे राहिलेला असतो. तुमचं काम आधीच झालेलं असतं.”

आज सदतीस.

२ एप्रिल, बुधवार

सराव परीक्षा. एकोणचाळीस. एक कमी. लेकीने बाटली घेऊन माझ्यासमोर धरली, मी नको म्हटलं. जेवण गेलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार



मुख्यालयातले साहेब परीक्षा घ्यायला आले. कडक, कागदावर चालणारे, पण वाईट नाहीत. त्यांनी आल्याआल्या सांगितलं, निशाणं नकोत, भोंगा वाजेल. आणि नेम धरणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही, शिक्षकाने पिवळ्या रेषेमागे उभं राहायचं. उस्तादांनी तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं.  रेषेमागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती, तरी चव्वेचाळीस गोळ्यांत पस्तीस लागल्या. शेवटच्या सहा वीस सेकंदांत झाडायच्या, सहाही लेननी एकाच वेळी. मला पाच हव्या होत्या.

भोंगा वाजला. मी दोन झाडल्या. आणि तेवढ्यात डावीकडून, शिट्टीच्या लेनमधून, एक चुकीचा आवाज आला. सगळे टाळ्या वाजवत असताना एकाने उशीवर हात मारावा, तसा. टोपणांतूनही आला. अठरा वर्षं मी आवाजांतून खोटा आवाज निवडत आले आहे, तो मला चुकत नाही. उस्तादांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, फुसकी गोळी अर्ध्या नळीत अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली की नळी हातात फुटते.

मी बघितलं. शिट्टीचं पिस्तूल अडकलं होतं आणि तो शिकवलं तेच करत होता, बिनचूक. ठोकलं. ओढलं. नवं काडतूस आत गेलं. विचार करायचा नसतो, तो करत नव्हता. ओरडून उपयोग नव्हता, बाकीची चार पिस्तुलं चालू होती आणि त्याच्या कानांवर टोपणं. मी माझं पिस्तूल टेबलावर ठेवलं, त्याच्या मागे गेले आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळहात दाबला.

त्याचं बोट चापावरून बाहेर आलं. त्याचं त्यालाही कळलं नसेल.

भोंगा वाजला, सगळं थांबलं आणि साहेब तावातावाने आले. “चार नंबर बाद. चालू लेन सोडून दुसऱ्याला हात लावलात. आणि पाच नंबर, तुम्ही का थांबलात?”

शिट्टी म्हणाला, “उस्तादांनी थांबवलं, साहेब.”

“उस्ताद रेषेमागे आहेत.”

शिट्टीने मागे वळून मला पाहिलं. मी नळीकडे बोट दाखवलं. मदतनिसाने पिस्तूल रिकामं करून नळीत पितळी सळई घातली. ती दोन बोटं आत गेली आणि टक्क करून अडली. शिट्टीने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं एकेक करून हलवली. मग खाली बसला.

साहेबांचा चेहरा उतरला. ते सळईकडे बघत, पाठमोरेच म्हणाले, “उस्ताद, तुम्ही पाच पावलांवर होता. तुम्हाला आवाजातला फरक कळला नाही?”

उस्ताद शांत उभे होते. साहेबांनी पुन्हा विचारलं, तसंच, पाठमोऱ्याने. उस्ताद तसेच.

आणि मला कळलं. आठ रिंगा. उघडे कान. निशाणं. गेटकडे चाललेली ती पाठ. माझ्या तोंडाकडे लावलेली ती नजर. मी, जिला श्वासावरून माणूस खोटं बोलतोय हे कळतं, मला महिनाभर हे कळलं नाही, कारण मी रुसण्यात गुंतले होते.

मी उस्तादांच्या समोर गेले आणि साहेबांचा प्रश्न सावकाश, ओठांनी, त्यांना सांगितला. त्यांनी वाचला. माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग खड्या आवाजात म्हणाले, “नाही कळला, साहेब. मला सात वर्षं ऐकू येत नाही. हाताला सगळं कळतं, म्हणून चालवलं. आज हात काढून घेतलेत तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पाच नंबरची बोटं गेली असती तर माझ्यामुळे गेली असती.”

पत्र्यावर कावळा बसला त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. एकट्या त्यांना सोडून.

साहेबांनी बराच वेळ कागद खालीवर केले. मग म्हणाले, चार आणि पाच नंबरच्या शेवटच्या सहा गोळ्या धरणार नाही, पुन्हा झाडा. शिट्टीला दुसरं पिस्तूल मिळालं. मी उभी राहिले. पाठीवर कोणी नव्हतं. श्वास घेतला, अर्धा सोडला. नंतर शिट्टी म्हणाला की लागोपाठ सहा वाजल्या. मला एकही ऐकू आली नाही.

पाच लागल्या. एक खाली, डावीकडे. चाळीस.

५ एप्रिल, शनिवार

उस्ताद रेंजवर शिकवणार नाहीत, निवृत्तीपर्यंत भांडारात. कपाट आवरत होते. मी समोर जाऊन उभी राहिले, नीट उजेडात, आणि मागच्या महिन्यात पाठीमागून म्हटलेलं वाक्य तोंडासमोर म्हटलं.

ते हसले. पहिल्यांदाच. म्हणाले, “मुलगी सात वर्षं मागे लागलीय, कानाला यंत्र लावा म्हणून. आता लावतो. काय काय ऐकायचं राहिलंय ते बघू.” मग जरा थांबून, “लोकांना वाटतं माझ्या डोक्यात शांत असेल. तसं नाही. दिवसभर आत बारीक शिट्टी वाजते, एक सेकंद थांबत नाही.”

त्या आवाजात उभं राहून त्यांनी त्या दिवशी पाच गोळ्या एका भोकात घातल्या होत्या.  निघताना मदतनीस भेटला. साहेबांनी जायच्या आधी त्याला विचारलं होतं म्हणे, तो तळहात नक्की कुठे ठेवतात, दाखवा बघू.

१३ मे, मंगळवार

गाडीवर आज नववा दिवस. चालवायला शिट्टी, त्याने मुद्दाम बदली मागून घेतली.

दुपारी तीनला वायरलेसवर पत्ता आला. दार आतून लावलेली बाई, बाहेर माणूस, हातात लोखंडी पहार. सांगणारा आवाज माझ्या शेजारणीचा. बारा वर्षं ती माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसायची, आता माझ्या खुर्चीवर बसते. नऊ मिनिटं लागली. जिन्यात शिट्टी पुढे होता, त्याचा श्वास वर वर चालला होता. मी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. सदरा ओला होता. दोन पायऱ्यांत त्याचा श्वास खाली आला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

माणूस दारापाशी होता. माझा हात कमरेला गेला, तिथेच थांबला. बोट चापाच्या बाहेर. “पहार खाली ठेवा,” मी म्हटलं, फोनवर बोलायचे त्याच आवाजात. त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ठेवली. शिट्टीने त्याला धरलं. पिस्तूल बाहेर आलंच नाही.

दार उघडायला बाईला वेळ लागला. उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती, फोन कानाला घट्ट धरून. लाईन चालू होती. सोडू नका असं सांगितलेलं असणार. मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, “जरा देता?” आणि फोन कानाला लावला. पलीकडे ती सगळी खोली ऐकू आली, पंखा, लांबचे हेडफोन, आणि कोणीतरी अजिबात न बोलता ऐकत बसलेलं.

“मी आहे,” मी म्हटलं. “पोहोचलो. बाई बरी आहे.”

पलीकडे माझ्या शेजारणीने सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला.